शिष्टाई, मदत आणि हस्तक्षेप : श्रीलंकेतील यादवी युद्ध आणि भारत सरकारचा प्रतिसाद

‘यादवी’ हा शब्द मराठीने महाभारतातून घेतला. मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादवांनी एरका गवताच्या पात्यांनी एकमेकांचा संहार केला. त्या कथेवरून, एकाच घरातील किंवा एकाच देशातील माणसांनी परस्परांवर उगारलेल्या शस्त्राला आपण यादवी म्हणू लागलो. दोन पक्षांत समेट घडवण्यासाठी तिसऱ्याने केलेल्या बोलणीला आपल्याकडे ‘शिष्टाई’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताच उद्योगपर्वातील कृष्णशिष्टाई आठवते. या दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच व्यक्तिरेखा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. हस्तिनापुरास गेलेला कृष्ण तटस्थ नव्हता. त्याची सेना कौरवांकडे आणि तो स्वतः पांडवांकडे, अशी वाटणी शिष्टाईच्या आधीच झाली होती. शिष्टाई निष्फळ ठरल्यावर तो उघडपणे एका पक्षाचा सारथी झाला. आणि कालांतराने यादवी त्याच्याच कुळात माजली.

परक्या देशातील यादवीत एखादे सरकार शिष्टाईसाठी किंवा मदतीसाठी पुढे होते तेव्हा नेमके काय घडते, हे समजून घेण्यासाठी भारत आणि श्रीलंका यांच्या अलीकडच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखक साहित्याचा अभ्यासक आहे, आंतरराष्ट्रीय संबंधांचा नव्हे. त्यामुळे येथे मांडणी केली आहे ती तीन शब्दांच्या आधारे : शिष्टाई, मदत आणि हस्तक्षेप. हे तीन शब्द कोशात वेगवेगळे असले, तरी १९८३ ते १९९० या काळात ते एकमेकांत कसे मिसळत गेले, आणि त्या मिसळणीची किंमत कोणाला मोजावी लागली, हे दाखवणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. यादवीची पार्श्वभूमी

श्रीलंकेतील संघर्षाचे मूळ भाषेच्या प्रश्नात आहे, ही बाब भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा झाला आणि सरकारी नोकऱ्यांत मोठ्या संख्येने असलेल्या तमिळ भाषकांना एका रात्रीत परकेपण आले. १९७० नंतरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाच्या नव्या नियमांमुळे तमिळ तरुणांची वाट आणखी अरुंद झाली. १९७६ साली वड्डुकोड्डै येथे तमिळ नेत्यांनी स्वतंत्र राज्याचा ठराव केला. १९८१च्या जून महिन्यात जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार ग्रंथ व हस्तलिखिते त्यात भस्मसात झाली. ज्या समाजाने शिक्षणाला आपली शेती मानले होते, त्याच्या दृष्टीने तो उभ्या पिकाला लावलेला अग्नी होता.

२३ जुलै १९८३ रोजी जाफन्याजवळ तमिळ अतिरेक्यांनी दबा धरून केलेल्या हल्ल्यात लष्कराचे १३ जवान मारले गेले. त्याची प्रतिक्रिया म्हणून कोलंबोसह अनेक ठिकाणी तमिळांची घरे, दुकाने व माणसे यांवर हल्ले झाले. मृतांचा आकडा सरकारी हिशेबाने काही शेकडा, तर इतरांच्या मते तीन हजारांपर्यंत जातो. ‘काळा जुलै’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेपासून श्रीलंकेतील यादवीचा आरंभ मानला जातो. भारत सरकारच्या प्रतिसादाचा आरंभही तेथूनच होतो.

२. शिष्टाई

इंदिरा गांधी यांनी जुलै संपण्यापूर्वीच परराष्ट्रमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांना कोलंबोस पाठवले. पाठोपाठ ज्येष्ठ मुत्सद्दी जी. पार्थसारथी यांची विशेष दूत म्हणून नेमणूक झाली. राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने आणि तमिळ नेते यांच्याशी झालेल्या त्यांच्या चर्चांमधून प्रादेशिक मंडळांना अधिकार देणारा एक मसुदा तयार झाला. १९८४ सालची सर्वपक्षीय परिषद मात्र त्यावर एकमत न होताच संपली. पुढे १९८५च्या जुलै व ऑगस्टमध्ये भारताच्या पुढाकाराने भूतानची राजधानी थिंफू येथे श्रीलंका सरकार आणि सहा तमिळ संघटना प्रथमच समोरासमोर बसल्या. तमिळांना राष्ट्र म्हणून मान्यता, त्यांच्या मायभूमीची ओळख, स्वयंनिर्णय आणि बेटावरील सर्व तमिळांना नागरिकत्व अशी चार तत्त्वे संघटनांनी मांडली. सरकारने पहिली तीन अमान्य केली आणि बोलणी फिसकटली.

एवढाच वृत्तांत वाचला तर चिकाटीने केलेली पण अपयशी ठरलेली शिष्टाई असे त्याचे वर्णन करावे लागेल. परंतु याच काळात भारताच्या गुप्तचर यंत्रणेकडून तमिळ संघटनांच्या तरुणांना भारतात प्रशिक्षण व शस्त्रे मिळत होती. ही गोष्ट त्या वेळी नाकारली गेली; आज ती सर्वमान्य आहे. या दुहेरी धोरणामागे काही कारणे होती. तमिळनाडूतील जनमत प्रक्षुब्ध होते. शिवाय जयवर्धने यांचे सरकार पाश्चात्त्य देशांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या मदतीकडे झुकत होते, आणि हिंदी महासागरातील ही हालचाल दिल्लीला अस्वस्थ करत होती. ही कारणे खरी असली तरी परिणाम टळत नाहीत. कोलंबोच्या लेखी भारत हा मध्यस्थाचा वेश घेतलेला प्रतिपक्ष ठरला. तमिळ संघटनांच्या लेखी तो केव्हाही आपला हात काढून घेऊ शकणारा पाठीराखा ठरला. दोन्ही पक्ष भारताशी बोलत होते, पण विश्वास कोणाचाच नव्हता. शिष्टाई ही अखेर शब्दांवर चालते. शब्द देणाऱ्याचा दुसरा हात काय करतो आहे हे समोरच्याला दिसत असेल, तर त्या शब्दाला वजन उरत नाही.

३. मदत

१९८७च्या जानेवारीत श्रीलंका सरकारने जाफना द्वीपकल्पाची इंधनादी वस्तूंबाबत नाकेबंदी केली आणि २६ मे रोजी वडमराच्ची भागात मोठी लष्करी मोहीम सुरू केली. सामान्य नागरिकांच्या हालांच्या बातम्या येऊ लागताच राजीव गांधी सरकारने अन्न व औषधे पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. जूनच्या पहिल्या आठवड्यात रेडक्रॉसच्या ध्वजाखाली सुमारे वीस मच्छीमार नौका रामेश्वरमहून निघाल्या. श्रीलंकेच्या नौदलाने त्या समुद्रातच अडवल्या आणि परत पाठवल्या. दुसऱ्याच दिवशी, ४ जून १९८७ रोजी, हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर सुमारे २५ टन सामग्री टाकली. त्यांच्या संरक्षणास मिराज २००० लढाऊ विमाने होती. मोहिमेचे नाव होते ‘पूमालै’, म्हणजे फुलांची माळ.

या घटनेचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १९८१च्या जनगणनेनुसार जाफना जिल्ह्याची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. २५ टन सामग्री त्या प्रमाणात वाटली तर माणशी सुमारे तीस ग्रॅम पडते, म्हणजे एक मूठ तांदूळसुद्धा नाही. यावरून हे स्पष्ट व्हावे की, त्या दिवशी आकाशातून उतरलेली वस्तू मुख्यतः अन्न नव्हती. तो एक संदेश होता. श्रीलंकेचे आकाश भारताला बंद नाही, आणि जाफन्याचा लष्करी पाडाव दिल्ली होऊ देणार नाही, असा तो संदेश होता. कोलंबोने त्यास सार्वभौमत्वाचा भंग म्हटले. निव्वळ कायद्याच्या भाषेत ते खोटे नव्हते.

मात्र एवढ्यावरून या मदतीला ढोंग म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्या विमानफेरीनंतर जयवर्धने सरकारने भारतीय मदत समुद्रमार्गे येऊ देण्यास संमती दिली, आणि जहाजांतून आलेले धान्य व औषधे लोकांपर्यंत पोहोचली. म्हणजे संदेशाने मदतीची वाट मोकळी केली. येथे एक पेच दिसतो, आणि तो केवळ भारतापुरता नाही. ज्या सरकारकडे बळ आहे तेच नाकेबंदी फोडू शकते. पण बळाच्या जोरावर आलेली मदत ही मदत म्हणून स्वीकारली जात नाही. तीस ग्रॅमच्या त्या शिध्यात भूक भागवण्याचा आणि धाक घालण्याचा असे दोन हेतू एकत्र बांधलेले होते, आणि पुढील तीन वर्षांत दुसरा हेतू पहिल्यावर मात करत गेला.

४. तह आणि फौज

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. श्रीलंका हा बहुवांशिक, बहुभाषिक समाज असल्याचे करारात मान्य झाले. तमिळ भाषेला राजभाषेचे स्थान, उत्तर व पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकीकरण आणि प्रांतिक परिषदांना अधिकार या त्यातील जमेच्या बाजू होत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये झालेली श्रीलंकेच्या राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती हे या कराराचे फलित असून, कागदोपत्री का होईना, ती आजही अस्तित्वात आहे.

परंतु करारात दोन मोठ्या उणिवा होत्या. पहिली ही की, लढणारा मुख्य पक्ष, म्हणजे लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम ऊर्फ लिट्टे, त्यावर स्वाक्षरी करणारा नव्हता. भांडण सिंहली राज्य आणि तमिळ संघटना यांचे होते, आणि तह झाला तो दोन सरकारांचा. लिट्टेने शस्त्रे खाली ठेवावीत याची जबाबदारी भारताने परस्पर आपल्या शिरावर घेतली. दुसरी उणीव करारासोबतच्या पत्रांत होती. त्रिंकोमाली व इतर बंदरे भारताच्या हिताला बाधक अशा लष्करी वापरासाठी कोणालाही दिली जाणार नाहीत, तेथील तेलटाक्यांचे काम संयुक्तपणे होईल आणि परकीय प्रसारण केंद्रांच्या कराराचे पुनरावलोकन होईल, अशी आश्वासने त्या पत्रांत होती. तमिळांच्या हक्कांशी या बाबींचा काहीच संबंध नव्हता.

मराठी वाचकाला सिंहली जनतेचा त्या वेळचा क्षोभ समजणे फारसे अवघड जाऊ नये. संकटात सापडलेल्या सत्ताधाऱ्याने बलाढ्य शेजाऱ्याशी तह करायचा, संरक्षणासाठी त्याची फौज बोलवायची आणि त्या बदल्यात परराष्ट्रव्यवहाराचा काही भाग त्याच्या हाती द्यायचा, या व्यवहाराला आपल्या इतिहासात ‘तैनाती फौज’ म्हणतात. १८०२च्या वसईच्या तहाची आठवण आपल्याकडे अजून बुजलेली नाही. भारताचा हेतू वेलस्लीचा नव्हता, हे खरे. तथापि ज्याच्या दारी फौज उतरते तो हेतूंची पारख करत बसत नाही; त्याला फौज दिसते. स्वाक्षरीच्या दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारत असलेल्या राजीव गांधींवर श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. तो प्रहार एका व्यक्तीने केला असला, तरी त्यामागील भावना एकट्याची नव्हती.

भारतीय शांतिसेना जाफन्यात उतरली तेव्हा तमिळ नागरिकांनी तिचे हारतुरे देऊन स्वागत केले होते. सप्टेंबरात लिट्टेचा कार्यकर्ता तिलीपन याने शांतिसेनेच्या उपस्थितीत अन्नपाणी वर्ज्य करून प्राण सोडला आणि वातावरण पालटले. १० ऑक्टोबरला ‘पवन’ मोहीम सुरू झाली. जिच्याकडे शांतता राखण्याचे काम होते ती सेना एका पक्षाशी लढू लागली. चार महिन्यांपूर्वी ज्या शहरावर भारताने अन्न टाकले होते त्याच शहरावर आता भारतीय तोफा चालत होत्या. २१ व २२ ऑक्टोबर रोजी, दिवाळीच्या दिवसांत, जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर व परिचारिका मिळून साठहून अधिक माणसे मारली गेली. रुग्णालयातून गोळीबार झाल्याचा सेनेचा दावा आणि नंतर नोंदवल्या गेलेल्या साक्षी यांत अंतर आहे. पण त्या मृतांचे रुग्णालयातील असणे हे निर्विवाद आहे.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही विसरता येत नाही. एक हात बांधून लढावे तसे हे युद्ध भारतीय जवानांना लढावे लागले आणि सुमारे १२०० जण कामी आले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी प्राण दिला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. या जवानांना जी भूमिका बजावण्यास सांगितले गेले, तिची व्याख्याच दिल्लीत कोणी नीट केलेली नव्हती.

या काळाची सर्वांत प्रामाणिक नोंद सरकारी कागदपत्रांत नाही. ती एका पुस्तकात आहे. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिरानगम यांनी आपल्या तीन सहकाऱ्यांसह ‘द ब्रोकन पाल्मायरा’ हा ग्रंथ सिद्ध केला. श्रीलंकेचे सैन्य, भारतीय शांतिसेना आणि लिट्टेसह तमिळ संघटना या सर्वांच्या अत्याचारांची त्यात सारख्याच काटेकोरपणे नोंद आहे. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी परतत असताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. या हत्येमागे लिट्टे असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. कोणत्याही पक्षाची नसलेली साक्ष यादवीत किती एकटी असते, याचे याहून मोठे उदाहरण देता येणार नाही.

पुढचा क्रम सर्वश्रुत आहे. नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी शांतिसेनेला जाण्यास सांगितले. तिला हुसकावण्यासाठी त्यांनी लिट्टेला शस्त्रेही पुरवली. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली. तिच्या स्वागतास तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे लिट्टेने राजीव गांधींची हत्या केली. यादवी शिष्टाई करणाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचली होती.

५. निःस्वार्थ शिष्टाई आणि तिची मर्यादा

भारत पोळल्यानंतर बाजूला झाला आणि २००० सालापासून नॉर्वेने मध्यस्थी हाती घेतली. नॉर्वेचा या बेटाशी ना सीमेचा संबंध होता, ना भाषेचा, ना बंदरांचा. त्यांच्या प्रयत्नांनी फेब्रुवारी २००२ मध्ये युद्धविराम झाला आणि काही काळ माणसे मरायची थांबली. डिसेंबर २००२ मध्ये ओस्लो येथे संयुक्त श्रीलंकेच्या चौकटीत संघराज्यात्मक तोडग्याचा शोध घेण्यावर दोन्ही पक्षांनी सहमती दर्शवली. पण २००३च्या एप्रिलमध्ये लिट्टे बोलणीतून बाहेर पडली, २००६ पासून युद्ध पुन्हा पेटले आणि जानेवारी २००८ मध्ये श्रीलंका सरकारने युद्धविराम औपचारिकरीत्या रद्द केला. स्वार्थ नसलेल्या मध्यस्थाचे दोन्ही पक्ष ऐकून घेतात. मात्र ऐकलेच पाहिजे अशी सक्ती त्यांच्यावर तो करू शकत नाही. भारताजवळ बळ होते पण विश्वास नव्हता. नॉर्वेजवळ काही काळ विश्वास होता पण बळ नव्हते.

२००९च्या अंतिम पर्वात भारताने मदत आणि राजकारण यांची फारकत करून पाहिली. रेडक्रॉसमार्फत शिधा व वस्तूंची पाकिटे गेली. मार्च महिन्यात पुल्मोड्डै येथे भारतीय डॉक्टरांचे आपत्कालीन रुग्णालय उभे राहिले आणि समुद्रमार्गे आणलेल्या जखमींवर तेथे उपचार झाले. हे काम निर्मळ होते. पण त्याच वेळी मुलैतीवूच्या किनारपट्टीत अडकलेल्या लाखो नागरिकांवर तोफगोळे पडत होते, आणि ते थांबवण्यासाठी भारताने उघडपणे दबाव आणला नाही. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली नोंदवली. मे २००९ मध्ये मानवी हक्क परिषदेत भारताने श्रीलंकेला अनुकूल ठरावाच्या बाजूने मत दिले. २०१२ साली मात्र उत्तरदायित्वाची मागणी करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला. १९८७ साली मदतीच्या आड राजकारण होते. २००९ साली राजकारणाच्या अभावाची भरपाई मदतीने करू पाहिली गेली. पट्टी बांधणे आवश्यक असतेच, पण घाव घालणारा हात न धरता बांधलेली पट्टी अपुरी पडते. युद्धानंतर भारताने ५० हजार घरांची योजना हाती घेतली आणि उत्तर व पूर्व भागांत ती मोठ्या प्रमाणावर तडीस नेली. या सर्व प्रतिसादातील हा भाग बहुधा सर्वांत टिकाऊ ठरेल.

६. मदतीची खरी कसोटी

या सर्व घडामोडींत एक मदत अशी होती की जिच्यासाठी ना विमाने लागली ना करार. १९८३ ते १९८७ या काळात सव्वा लाखाहून अधिक श्रीलंकन तमिळ समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. १९९० नंतर पुन्हा लाखाहून अधिक आले. मंडपमसारख्या छावण्यांत त्यांना निवारा, शिधा आणि मासिक रोख साहाय्य मिळाले. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नसतानाही हे घडले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. त्याबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, राजीव गांधींच्या हत्येनंतर याच निर्वासितांकडे संशयाने पाहिले गेले आणि त्यांना परत पाठवण्याची घाई झाली. परतणे स्वेच्छेचे आहे की नाही हे तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित आयोगाला १९९२ साली मद्रासला कार्यालय उघडावे लागले.

आजही तमिळनाडूतील छावण्यांत पन्नास हजारांहून अधिक माणसे राहतात. त्यांतील अनेकांचा जन्म भारतातच झाला आहे. परंतु १ जुलै १९८७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यास केवळ जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आणि २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात श्रीलंकेचा समावेश नाही. २०२१ साली तमिळनाडू सरकारने या वसाहतींचे ‘निर्वासित छावणी’ हे नाव बदलून ‘पुनर्वसन छावणी’ अशा अर्थाचे नाव दिले. शब्द बदलला हे चांगलेच झाले. त्या शब्दामागची वस्तुस्थिती बदलायला नागरिकत्वाचा कागद लागतो.

समारोप

शिष्टाई, मदत आणि हस्तक्षेप यांतील कोणताही शब्द मुळात निंद्य नाही. क्वचित हस्तक्षेपही आवश्यक ठरतो. दोष उत्पन्न होतो तो एका शब्दाच्या नावाखाली दुसरा व्यवहार केल्याने. १९८७ साली भारत एकाच वेळी मध्यस्थ, पाठीराखा आणि हमीदार होऊ पाहत होता. मध्यस्थाच्या कामाला पाठीराख्याने सुरुंग लावला आणि हमी पाळण्याच्या नादात पाठीराख्याला ज्यांच्यासाठी पुढे झालो त्यांच्याशीच लढावे लागले. उद्योगपर्वातील कृष्णाने निदान आपण कोणाचे दूत आहोत हे हस्तिनापुराच्या सभेत लपवले नव्हते. परक्या घरातील यादवीत पडणाऱ्या कोणत्याही सरकारकडून किमान एवढ्या स्पष्टतेची अपेक्षा ठेवणे गैर नाही. आपण कोणासाठी आलो आहोत, आपले स्वतःचे हित कोणते, आणि काम फसले तर ज्यांनी आपल्यावर भरवसा ठेवला त्यांचे काय करणार, हे त्याने आधी सांगितले पाहिजे. यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मंडपमच्या वसाहतीत वाढलेली पिढी अजून मागते आहे.